एकालाच का लागते?

१. आईचा प्रश्न

'चौघे मिळून बसत होते, मग ह्याच्याच वाट्याला हे का आले?' हा प्रश्न आमच्या रत्नागिरीत, ज्यांनी दारूने झालेली धूळधाण घरात किंवा शेजारी पाहिली आहे, अशा जवळजवळ प्रत्येकाने केव्हा ना केव्हा विचारलेला असतो. विचारणारी बहुधा आई असते किंवा बायको असते, आणि उत्तर देणारे शेजारीपाजारी आपापल्या स्वभावाप्रमाणे कुणी संगतीवर, कुणी कुळावर, कुणी ग्रहांवर, तर कुणी सरळ त्या इसमाच्या निर्लज्जपणावर बोट ठेवून मोकळे होतात. मात्र प्रश्न जितका जिव्हाळ्याचा तितकाच तो शास्त्रीयही आहे, आणि गेली पन्नास वर्षे जगातल्या अनेक प्रयोगशाळा नेमका हाच प्रश्न, आईच्या डोळ्यांतले पाणी वगळून, विचारीत आहेत.

प्रश्नाला आधार किती आहे ते आधी पाहू. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत १० ते ७५ या वयातल्या दर शंभर माणसांमागे साधारण १४.६ माणसे मद्य घेतात असे आढळले. ज्यांना त्यापासून अपाय होत आहे किंवा ज्यांना ती सुटत नाही अशांचे प्रमाण ५.२ होते, आणि त्यांपैकी निव्वळ ज्यांना ती सुटत नाही अशांचे प्रमाण २.७. आता भागाकार करा. १४.६ पिणाऱ्यांत २.७, म्हणजे पिणारे शंभर घेतले तर सुमारे अठरा. उरलेले ब्याऐंशी निर्दोष आहेत असे मुळीच नव्हे, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या यकृताने, खिशाने आणि बायकोने पुष्कळ सोसलेले असते; परंतु दारूने कायमचे धरून ठेवले ते अठरांनाच. पदार्थ तोच, बाटली तीच आणि पुष्कळदा ओटाही तोच, तेव्हा फरक कुठेतरी माणसांतच असला पाहिजे, हे या प्रकरणाचे गृहीतकृत्य होय.

२. एका पेल्याचा हिशेब

माणसांतला फरक मोजायचा तर आधी पेल्यातला फरक काढून टाकावा लागतो. कोकणात तो पुष्कळ आहे. नारळाच्या झाडावर न उमललेली पोय दोरीने आवळून, तिला हलके हलके ठोकून, टोक कोयतीने रोज पातळसे कापीत गेले म्हणजे त्यातून रस ठिबकू लागतो. पहाटे उतरवलेला ताजा रस गोड असतो आणि त्याला आपण नीरा म्हणतो, पण मडक्यात आणि हवेत असलेले किण्व त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि भर दुपारपर्यंत तोच रस फेसाळून, आंबूस होऊन, माडी बनतो. हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या येथील भंडारी समाजाचा होता, आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने त्यावर आपला अंमल पक्का केला. एकच झाड सकाळी मुलाला चालेल असे पेय देते आणि संध्याकाळी बापाला चढेल असे देते. म्हणून 'अमका फक्त माडी पितो' या वाक्याला, ती किती वाजता उतरवली हे कळल्याशिवाय, काहीच अर्थ नाही.

दुपारची माडी शेकडा ५ मद्यार्काची धरली, तर ६५० मिलिलिटरच्या एका मोठ्या बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २५ ग्रॅम, शुद्ध मद्यार्क येतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. तिचा ३० मिलिलिटरचा लहान पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. म्हणजे मोठी बाटलीभर माडी आणि अडीच लहान पेग यांत मद्यार्काच्या दृष्टीने काहीच भेद नाही, प्रतिष्ठेच्या दृष्टीने कितीही असो. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम एवढाच मद्यार्क निकालात काढते, आणि लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. चार लहान पेग घेतलेल्याला शुद्ध व्हायला चार ते सहा तास लागणारच.

पहिला वैयक्तिक फरक इथेच दिसू लागतो. एकाचे यकृत दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने काम करताना आढळते. शिवाय मद्यार्क शरीरातल्या पाण्यात मिसळतो, आणि स्त्रियांच्या शरीरात, वजन सारखे असले तरी, पाण्याचा अंश कमी असतो. म्हणून तोच पेला स्त्रीच्या रक्तात अधिक दाट होतो, आणि तिच्या यकृताची हानी पुरुषापेक्षा थोड्या वर्षांत होते.

३. 'कारण' नावाचा रकाना

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली सुरू झाले. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत, त्यांतले हे एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूर येथे. त्या काळी हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांच्या दफ्तरांत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे 'कारण' असा एक रकाना असे, आणि तो भरणे कारकुनाला भाग असे. १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने ही दफ्तरे बारकाईने तपासली, तेव्हा असे निघाले की 'गांजा' म्हणून टाकलेले कारण पुष्कळ वेळा कोणत्याही चौकशीशिवाय, पोलिसांनी रुग्णाबरोबर पाठवलेल्या कागदावरून जसेच्या तसे उतरवलेले होते. एका माणसापुढे एक शब्द लिहिला की दफ्तर पूर्ण होते; पुढच्या पिढ्यांनी त्या शब्दांची बेरीज करून टक्केवारी काढली, आणि तिला शास्त्राचे रूप आले.

मद्यासक्तीच्या बाबतीत आज तो रकाना वैद्यकाने जवळजवळ मोडीत काढला आहे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जी नवी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्यात मद्यसेवन-विकाराची अकरा लक्षणे दिली आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, सोडायची इच्छा असून न सुटणे, पिण्यात आणि उतरण्यात वेळ जाणे, तीव्र तलफ, कामात किंवा घरात कसूर, भांडणे होऊनही पीत राहणे, इतर आवडी सुटणे, धोक्याच्या प्रसंगी पिणे, प्रकृती बिघडल्याचे ठाऊक असून पिणे, पूर्वीइतकीच झिंग यायला अधिक लागणे, आणि न मिळाल्यास हात थरथरणे, घाम सुटणे वगैरे. एका वर्षात यांपैकी कोणतीही दोन असली म्हणजे विकार सौम्य प्रमाणात आहे असे समजतात, सहा किंवा अधिक असली तर तीव्र.

आता गंमत पाहा. अकरा लक्षणांपैकी प्रत्येक असेल किंवा नसेल, म्हणजे एकंदर २,०४८ प्रकार संभवतात. त्यांतून एकही लक्षण नसलेला एक आणि एकच लक्षण असलेले अकरा वजा केले की २,०३६ उरतात. एकच निदान मिळवण्याचे दोन हजार छत्तीस मार्ग! समजा, एक खलाशी ठरवून दोन घ्यायला बसतो, सहा घेऊन उठतो आणि बायकोशी रोज भांडतो. दुसरा एक निवृत्त कारकून कुणाशी कधी भांडत नाही, कामात कधी चुकला नाही, फक्त सकाळी हाताचा थरकाप थांबवायला त्याला पेला लागतो आणि पूर्वीच्या दुप्पट लागतो. दोघांच्या लक्षणांत एकही समान नाही, तरी नोंदवहीत दोघांपुढे एकच नाव. तेव्हा 'दारुडे असे का असतात' हा प्रश्नच बहुधा चुकीचा विचारला जातो, कारण दारुडे 'असे' नसतात.

४. कुळाचा वाटा

तरीही कुळावर बोट ठेवणारे शेजारी अगदीच चुकत नाहीत. बापाला असली की मुलाला असते, हे जुनेच निरीक्षण आहे. परंतु मुलगा बापाचे रक्तही घेतो आणि बापाचे घरही घेतो, मग दोष कोणाकडे? हे वेगळे करण्याची सोय दत्तक मुलांत आहे. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या अशा मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचा जन्मदाता किंवा जन्मदात्री मद्यासक्त होती, पण ज्यांना तान्हेपणीच दुसऱ्या घरी दत्तक देण्यात आले होते. मोठेपणी त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण शेकडा १८ निघाले. ज्यांच्या जन्मदात्यांना हा रोग नव्हता अशा दत्तक मुलांत शेकडा ५. साडेतीन पटींहून अधिक! ज्या बापाला त्यांनी पाहिलेही नव्हते त्याचा हा वारसा. मात्र त्याच आकड्याची दुसरी बाजू मद्यप्याच्या मुलाला कुणीतरी सांगितली पाहिजे: शंभरांतल्या ब्याऐंशींना तो लागला नाही.

जुळ्या भावंडांवरच्या पुष्कळ अभ्यासांची बेरीज केली असता या विकारातला आनुवंशिक वाटा सुमारे निम्मा ठरतो. हे 'निम्मे' फार गैरसमज पसरवते, म्हणून आमच्याच जिल्ह्यातला आंबा घेतो. एकाच हापूसची कलमे बांधून ती कुणी कातळावर, कुणी मळ्यात, कुणी खाऱ्या वाऱ्यावर लावली, तर फळाफळांतला जो फरक पडेल तो सर्व जमिनीचा, पाण्याचा आणि निगेचा, कारण बीज सर्वत्र एकच. उलट एकाच परसात निरनिराळ्या कोयी रुजवून रायवळ वाढवले, तर माती एक असूनही एक आंबट, एक गोड, एक नुसता रेषाळ निघतो, आणि तो फरक कोयीचा. 'आनुवंशिकता निम्मी' याचा अर्थ अमक्या माणसाच्या पिण्यातला अर्धा पेला आजोबांचा आणि अर्धा त्याचा, असा नव्हे. लोकांच्या एखाद्या समूहात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला निम्मा कोयीने समजावता येतो, एवढाच. आणि बाग बदलली की हे प्रमाणही बदलते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

'दारूचे जनुक' असे एकच काही सापडलेले नाही. २०२३ साली दहा लाखांहून अधिक माणसांची जनुकीय माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात या विकाराशी संबंध असलेल्या शंभराहून अधिक जागा आढळल्या, आणि प्रत्येकीचा वाटा इतका चिमुकला की तिच्या एकटीच्या बळावर कुणाचे भविष्य सांगणे पंचांग पाहून पाऊस सांगण्याइतपतच भरवशाचे ठरेल.

५. जपान्यांची लाली

याला एक ठळक अपवाद आहे. मद्यार्क यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतरित होतो आणि मग दुसरे एक विकर त्या विषाचा निचरा करते. जपान, चीन, कोरिया येथील पुष्कळ लोकांत हे दुसरे विकर जन्मतःच दुबळे असते. घोटभर घेताच तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, मळमळते. अशा माणसाला दारूची गोडी लागणे कठीण. भारतात हा जनुकभेद विरळाच, म्हणून निसर्गाचा हा पहारेकरी आपल्या दारावर उभा नाही. मद्यमुक्तीसाठी डॉक्टर जी डायसल्फिरामची गोळी देतात ती हाच पहारा कृत्रिमरीत्या बसवते.

ज्यांना हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळाला, असे लोक जपानी मद्यासक्तांत संशोधकांना आढळलेच नाहीत. परंतु ज्यांना तो एकाकडूनच मिळाला, अशांचे जपानी मद्यासक्तांमधले प्रमाण १९७९ साली शेकडा २.५, १९८६ साली ८ आणि १९९२ साली १३ असे चढत गेले. तेरा वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलली ती नोकरी करण्याची रीत, कचेरी सुटल्यावर वरिष्ठांबरोबर बसण्याची रीत, आणि नको म्हणण्याची किंमत. पहारेकरी जागाच होता, आग्रहाने त्याला बाजूला सारले. वैयक्तिक फरकांच्या संशोधनात यापेक्षा बोलका तक्ता माझ्या माहितीत नाही.

६. ज्याला चढत नाही

आता ज्या भागासाठी मी हे प्रकरण लिहावयास घेतले त्याकडे येतो. हळदीच्या रात्री, शिमग्याच्या दिवसांत किंवा मुंबईहून कुणी आल्यावर जी मंडळी जमतात तीत एक तरी असा असतो की ज्याच्याविषयी बाकीचे कौतुकाने सांगतात, 'याला चढतच नाही', 'हा कितीही पचवतो', आणि मग सर्वांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवतात. दोन पेगांत डुलणाऱ्याची थट्टा होते, त्याच्याविषयी काळजीही वाटते. ताठ उभ्या राहणाऱ्याविषयी कुणालाच वाटत नाही. शास्त्राचा निष्कर्ष नेमका उलट आहे.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथील मानसोपचारतज्ज्ञ मार्क शकिट यांनी १९७८ पासून पुढे अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावण्यास सुरुवात केली. हे तरुण कधीमधी घेणारे होते, मद्यासक्त कुणीच नव्हते. फरक इतकाच की निम्म्यांचे वडील मद्यासक्त होते आणि निम्म्यांचे नव्हते. प्रत्येकाला वजनाच्या हिशेबाने मद्य दिले जाई, आणि मग काही तास तीन गोष्टी तपासल्या जात: तुला किती चढल्यासारखे वाटते, उभा राहिल्यावर तुझे शरीर किती डुलते, आणि रक्तातली काही संप्रेरके किती हलतात. रक्तातल्या मद्यार्काचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. म्हणजे एकाचे यकृत जोरकस म्हणून त्याला कमी चढली, असा खुलासा येथे चालत नाही. तरीही मद्यासक्तांच्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के तरुणांना फारसे काही वाटलेच नाही, आणि त्यांचे शरीरही कमी डुलले. दुसऱ्या गटात असे दहा टक्केही नव्हते.

शकिट यांनी याच ४५३ जणांना सुमारे दहा वर्षांनी पुन्हा गाठले. मद्यासक्तांच्या मुलांपैकी ज्यांना त्या दिवशी कमी चढली होती त्यांतले शेकडा ५६ मधल्या काळात मद्यासक्त झाले होते; ज्यांना लवकर आणि सणसणीत चढली होती त्यांतले फक्त १४. बाप दोघांचेही पिणारे, शिकवण सारखी. पण विशीतला पेला ज्याने सहज पचवला त्याचा धोका चौपट निघाला!

असे का व्हावे? दारूचे बधिरपण, जड झालेली जीभ, उद्याची डोकेदुखी ही शरीराची इशाऱ्याची घंटा आहे, आणि ज्याची घंटा जन्मतःच हळू वाजते त्याला थांबण्याचा संकेत मिळतो तो इतरांच्या तिसऱ्या पेल्याला नव्हे, आपल्या सातव्याला. इतरांइतकीच मौज यावी म्हणून त्याला अधिक घ्यावी लागते. अधिक घेणाऱ्याला अधिक घेणाऱ्यांचीच संगत रुचते, आणि त्या संगतीत त्याचे पिणे त्यालाच मध्यम वाटू लागते. शिवाय शरीर सरावत जाते ते वेगळेच. आईने ज्या संगतीला दोष दिला ती खरी, पण ती पुष्कळदा आधी आलेली नसते, मागून निवडलेली असते.

याला एक पुरवणी जोडणे भाग आहे. पेला घेतल्यावर रक्तातले मद्य चढत असते तेव्हाचा अनुभव आणि उतरत असते तेव्हाचा अनुभव हे दोन निराळे आहेत: पहिला उत्साहाचा, बडबडीचा, झिंगेचा, आणि दुसरा गुंगीचा. शिकागोत अँड्रिया किंग यांनी २००४ पासून चालवलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना चढताना इतरांपेक्षा जास्त तरतरी येते आणि उतरताना गुंगी कमी येते, तेच पुढे विकाराकडे अधिक जातात. या दोन संशोधनांत काही वर्षे बराच वाद चालला. मला स्वतःला तो फारसा मूलभूत वाटत नाही, कारण गुंगी कमी येते यावर दोघांचेही एकमत आहे. एक म्हणतो घंटा हळू, दुसरी म्हणते त्यात वाजंत्री मोठी.

७. स्वभाव आणि वय

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर वकिलीची सनद स्थगित झाल्याच्या अपमानाने पेल्याला हात लावतो. तळीरामाला अशा कोणत्याही निमित्ताची गरज नसते. एका नाटकात या दोन भिन्न प्रकृती शेजारी शेजारी उभ्या करणाऱ्या नाटककाराची दृष्टी, त्याचा उपदेश बाजूला ठेवला तरी, विलक्षण म्हटली पाहिजे. कारण १९८१ साली रॉबर्ट क्लोनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममधल्या दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी तपासून ज्या दोन जाती सांगितल्या त्या याच्याशी बऱ्याच जुळतात. पहिल्या जातीत विकार पंचविशीनंतर येतो, स्वभाव भिडस्त आणि काळजीखोर असतो, पिणे दुःख बुजवण्यासाठी असते, आणि स्त्री-पुरुष दोघांतही आढळते. दुसरी जात लवकर सुरू होते, बहुधा पुरुषांतच दिसते, आणि तिच्या मुळाशी उतावळेपणा, थराराची हौस आणि दंग्याधोप्याची प्रवृत्ती असते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे या दोहोंच्या मध्येच कुठेतरी सापडतात, हे क्लोनिंजरांच्या टीकाकारांचे म्हणणे योग्य आहे.

उतावळेपणाची खूण डोक्यावर लावलेल्या विद्युत्‌तारांनीही टिपता येते. कानावर एकसुरी आवाज पडत असता मधेच निराळा आवाज आला, की सेकंदाच्या सुमारे तीन दशांशाने मेंदूत एक लाट उठते. हेन्री बेगलायटर यांनी १९८४ साली दाखवले की मद्यासक्त बापांच्या मुलांत, ज्यांनी दारूच्या थेंबालाही अद्याप स्पर्श केला नव्हता अशा मुलांत, ही लाट ठेंगणी असते. पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत विवेक बेनेगल यांना भारतीय मुलांतही तेच आढळले. दारूने मेंदू बिघडतो हे सर्वांस ठाऊक होते. मेंदूतला फरक दारूच्या आधीपासून असू शकतो, हे त्यामुळे मान्य करावे लागले. उंदरांवरचा एक प्रयोगही इथे सांगण्याजोगा आहे. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात मार्कुस हायलिग यांच्या गटाने २०१८ साली मद्याची चटक लागलेल्या उंदरांपुढे गोड पाण्याचा पर्याय ठेवला, तेव्हा बहुतेकांनी मद्य सोडून गोड पाणी धरले. सुमारे पंधरा टक्के मात्र पायाला विजेचा झटका बसला तरी मद्यच मागत राहिले. त्यांच्या मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात एका रसायनाचा उपसा करणारा पंप मंद आढळला, आणि मद्यासक्त माणसांच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंतही तोच मंद निघाला.

वयाविषयी थोडक्यात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी शेकडा चाळीस जण आयुष्यात केव्हा तरी आसक्त झाले होते, आणि वीस किंवा पुढे सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे दहा. लवकर सुरू केल्याने विकार होतो, की ज्याला तो व्हायचा तोच लवकर सुरू करतो, यावर अजून खल चालू आहे. महाराष्ट्राच्या दारूबंदी अधिनियमाने, जो १९४९ चा आहे आणि आजही पुस्तकात जिवंत आहे, सर्वांसाठी एकच हिशेब ठेवला आहे: परवाना पाहिजे, बिअरला वय २१ पुरे आणि कडक मद्याला २५. तो परवाना किती जण कागदावर घेतात हे वाचकांस सांगायला नको.

८. गाव आणि मुंबई

बाग बदलली की कोयीचे प्रमाण बदलते, असे वर म्हटले. फिनलंडमधल्या जुळ्या तरुणांच्या अभ्यासात २००१ साली हेच दिसले: खेड्यांत पिण्यातले फरक घरच्या आणि गावच्या वळणाने अधिक ठरत, शहरांत जनुकांनी अधिक. कारण उघड आहे. जिथे भावकी, देऊळ आणि दुकानदार सर्वांचे डोळे तुमच्या चालण्यावर असतात तिथे उतावळा आणि शांत दोघेही जवळजवळ सारखेच वागतात. जिथे कुणी ओळखत नाही तिथे ज्याची जशी घडण तशी ती मोकळी सुटते. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांच्या चार पिढ्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर एकाच घरातला गावी राहिलेला भाऊ आणि खोलीत राहिलेला भाऊ यांच्यातला फरक कदाचित नव्याने उलगडेल. हा माझा तर्क आहे. पण जून-जुलैतली मासेमारीची बंदी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर हाती काम नाही आणि खिशात हंगामाचा हिशेब आहे अशी ती दोन महिन्यांची रिकामी वेळ, ज्याने पाहिली आहे त्याला परिस्थिती स्वभावाला कशी वाट देते हे समजावून सांगावे लागणार नाही.

९. मग उपचार ज्याचा त्याला?

माणसे निराळी असतील तर औषधही निराळे असावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर केलेल्या आणि १९९७ साली निकाल लागलेल्या एका प्रचंड प्रयोगात तीन निरनिराळ्या उपचारपद्धती घेऊन कोणत्या प्रकृतीला कोणती मानवते हे शोधण्यात आले. तिन्हींनी बऱ्याच जणांना गुण आला, पण प्रकृती पाहून उपचार जुळवल्याचा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. नालट्रेक्सोन नावाचे औषध विशिष्ट जनुक असलेल्यांनाच अधिक लागू पडते, हे आधी मोठ्या उत्साहाने सांगितले गेले, आणि २०१५ साली मुद्दाम त्यासाठीच योजलेल्या प्रयोगात ते टिकले नाही. संशोधकांचा यात पराभव झाला असे काही जण मानतात. मला वाटते, रकाने अजून फार ठोकळ आहेत, आणि दोन हजार छत्तीस मार्गांना तीन दारे पुरतील ही आशाच अवाजवी होती.

शेजारच्या गोव्यात दरम्यान निराळ्याच बाजूने काम झाले. संगाथ या संस्थेने अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल यांच्या देखरेखीखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ज्यांचे पिणे अपायकारक झाले होते अशा ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती, आणि उपचार म्हणजे चारपर्यंत बैठकांत त्या माणसाशी त्याच्याच पिण्याविषयी, त्याच्या कारणांविषयी, त्याच्या अडचणींविषयी नीट बोलणे. तीन महिन्यांनी या गटातल्या शेकडा ३६ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले, नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांत २६ जणांचे; आणि मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८ होते. हा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. वैयक्तिक फरक येथे जनुकांच्या तपासणीने नव्हे, ऐकून घेण्याने हाती येतात.

शकिट यांनी आपल्या प्रयोगशाळेची खर्चिक परीक्षा चार प्रश्नांत आणून ठेवली आहे, आणि त्यांना कुठलेही यंत्र लागत नाही. आयुष्यातल्या अगदी सुरुवातीच्या, पहिल्या पाचेक खेपांत किती पेल्यांना काहीतरी वेगळे वाटू लागले. किती पेल्यांना जीभ जड झाली. किती पेल्यांना तोल गेला. किती पेल्यांना नकळत डोळा लागला? जे कधी झालेच नाही ते सोडून द्यायचे, आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. समजा एकाची उत्तरे एक, तीन, चार, चार अशी आली: बेरीज बारा, भागिले चार, सरासरी तीन. दुसऱ्याची तीन, सहा, आठ, आणि झोप कधी लागलीच नाही: बेरीज सतरा, भागिले तीन, सुमारे पावणेसहा. दुसरा अजून वर्षातून चारदाच पीत असेल, घरी वेळेवर जात असेल, आणि मित्रांच्या मते सर्वांत भरवशाचा असेल. सॅन दिएगोच्या विद्यापीठात प्रथम वर्षाच्या अशाच विद्यार्थ्यांना 'तुला कमी चढते, म्हणून तुझा हिशेब इतरांच्या पेल्यांवरून करू नकोस' एवढे नीट समजावून सांगणारा एक छोटा अभ्यासक्रम दिला, तेव्हा त्यांचे पिणे सर्वसाधारण उपदेश मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाले.